ओपन ते क्लोज

न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा लालबागमध्ये रात्रीचे नऊ झालेले असतात. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत हे कोणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. तरी नऊच्या सुमारास चाळीच्या तोंडाशी पानवाल्यापाशी माणसे जमत. कुणीतरी सायकलवरून येई, एक आकडा सांगे आणि न थांबता पुढे जाई. ‘पंजा’ किंवा ‘मिंडी’, एवढेच. पंजा म्हणजे पाच, मिंडी म्हणजे शून्य. या पहिल्या आकड्याला ओपन म्हणत. मध्यरात्री दुसरा आकडा फुटे, तो क्लोज. या दोहोंच्या मधल्या तीन तासांबद्दल मला लिहायचे आहे.

मुंबईच्या मटक्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यातले बहुतेक मटका चालवणाऱ्यांविषयी, त्यांच्या मोटारी आणि सिनेमावाल्यांशी असलेल्या त्यांच्या दोस्तीविषयी. आकडा लावणाऱ्याच्या डोक्यात काय चालते याच्या वाटेला फारसे कोणी गेलेले नाही. माझी नोकरी लोकांच्या डोक्याला तारा चिकटवण्याची होती. इस्पितळाच्या मेंदूविकार विभागात मी ईईजी तंत्रज्ञ होते. त्याआधीची माझी नोकरी बिनपगारी होती: आजीच्या खाणावळीची वही लिहिणे.

आजीला अक्षरओळख नव्हती, हिशेब मात्र तोंडपाठ. तिच्याकडे गिरणीतली एकटी राहणारी माणसे जेवत. बायकामुले गावी, गाळ्यात पथारीपुरती जागा आणि जेवण आमच्याकडे. पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे, असा रिवाज. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने होते, ‘दिले’ आणि ‘राहिले’. मटका मला कळला तो या दुसऱ्या रकान्यावरून. चांगला कामाचा, दारूला न शिवणारा, दर महिन्याला घरी मनीऑर्डर करणारा माणूस, आणि त्याच्या नावापुढे ‘राहिले’ वाढतच चाललेले, असे दिसले की आजी विचारी, “काय रे, ओपन लावतोस की जोडी?” जोडी म्हटले की तिचा चेहरा पडे. का पडे, ते मला मोठेपणी गणित करून पाहिल्यावर समजले. तिला ते गणित केल्याशिवायच कळलेले होते.

मुंबईत आकड्यावर पैसे लावण्याची सवय मटक्याहून शंभर वर्षांनी तरी जुनी आहे. कलकत्त्याला कंपनी सरकार पाटण्याच्या अफूचा लिलाव करी. पेटीला सरासरी किती भाव येईल यावर इकडे मुंबईत पैजा लागत. पैज लावणाऱ्याला अफू घ्यायची नसे की विकायची नसे. त्याला हवा असे कलकत्त्याहून येणारा एक आकडा, आणि तो येईपर्यंतचे दिवस. अशाच एका पैजेवरचा रामलाल ठाकूरसीदास यांचा मुंबईतला दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८४८ साली निकाल लागला, की पैजेत नैतिक काही नसले तरी चालू कायद्याप्रमाणे तिचे पैसे वसूल करता येतात. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने २१ क्रमांकाचा कायदा करून असल्या पैजा रद्दबातल ठरवल्या. १८७२च्या करार कायद्याच्या ३०व्या कलमात तेच तत्त्व आजही आहे.

या कायद्याने पैजा थांबल्या नाहीत. हरलेल्याने पैसे बुडवले तर कोर्टात जायची सोय तेवढी गेली. माझ्या समजुतीप्रमाणे मुंबईच्या सट्ट्याचा सगळा स्वभाव इथे घडला. कागद नाही, साक्षीदार नाही, तेव्हा धंदा टिकणार तो शब्दावर. पुढे मटकेवाल्यांची जी ख्याती झाली, की लागलेला आकडा कितीही मोठा असो, पैसे सकाळी दारात येतात, ती त्यांच्या सज्जनपणाची नव्हती. ज्या धंद्याला कोर्टाचा आधार नाही त्याला दुसरे भांडवलच नसते.

१८६० च्या दशकातल्या शेअर-सट्ट्याची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते, म्हणून ती लांबवत नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, बॅक बेच्या भरणीचे शेअर आभाळाला भिडले, आणि युद्ध संपल्यावर १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबई झोपली. त्या लाटेचा राजा प्रेमचंद रायचंद याच्या देणगीतला राजाबाई टॉवर अजून उभा आहे.

पावसावरचा सट्टा मला जास्त मनोरंजक वाटतो. पावसाळ्यात काळबादेवी-पायधुणीच्या बाजूला माणसे आभाळाकडे बघत बसत. ठरलेल्या वेळात पाऊस पडून एखाद्या छपराची पन्हाळ वाहते की नाही, यावर पैसे लागत. १८८७ साली मुंबई सरकारने जुगारबंदीचा कायदा केला. पत्ते, फासे, जुगाराचा अड्डा यांची त्यात सोय होती, पण पाऊस हे जुगाराचे साधन कसे म्हणायचे? १८८९ साली हायकोर्टाने आरोपींच्या बाजूने कौल दिला. सरकारने १८९० मध्ये लगोलग दुरुस्ती करून पैज लावणे हेच जुगाराच्या व्याख्येत घातले. सरकारला पावसावर गुन्हा दाखल करता येत नव्हता, म्हणून त्याने वाट पाहणाऱ्यावर केला.

तोवर तारायंत्र आले होते. १८७० मध्ये समुद्राखालच्या केबलने मुंबई लंडनला जोडली गेली आणि परदेशातले भाव आठवड्यांऐवजी तासांत येऊ लागले. कापूस हा मुंबईचा प्राण, त्यामुळे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव इथे येत, पुढे टेलिप्रिंटरवर येऊ लागले. त्या भावांच्या अंकांवर मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर आकडा खेळला जाई. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले, कापूस बाजाराचे. खेळणाऱ्यांत कापसाचा व्यापारी किती आणि रिकामटेकडा किती, हे सांगणे कठीण.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणे बंद झाले. एवढ्या माणसांची रात्र ज्या आकड्यावर चाले तो आकडाच नाहीसा झाला. तेव्हा कराचीहून आलेले सिंधी निर्वासित रतन खत्री यांनी सोपी युक्ती काढली. कापूस नसला म्हणून काय झाले, आकडा तर आपणही काढू शकतो. चिठ्ठ्यांवर आकडे लिहून मडक्यात टाकायचे आणि एक उचलायची. यावरून मटका. १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांचा मटका सुरू झाला. ते कच्छच्या खेड्यातून १९४१ साली मुंबईत आलेले, मसाले विकून आणि किराणा दुकान सांभाळून वर आलेले. १९६४ मध्ये खत्रींनी आपला वेगळा ‘न्यू वरळी’ काढला. मडके लवकरच मागे पडले आणि पत्त्यांचा जोड आला. नाव मात्र मडक्याचेच राहिले.

इथे मला थांबावेसे वाटते. आधी अफू होती, मग पाऊस, मग कापूस. प्रत्येक वेळी आकड्याच्या मागे जगातली एखादी खरी वस्तू होती. १९६२ला ती पुरती गळून पडली, आणि धंद्याला खरचटलेसुद्धा नाही. उलट तो वाढला. म्हणजे गिऱ्हाईक जे विकत घेत होते ते कापसाच्या भावाचे भाकीत कधीच नव्हते. ते काय होते, हे कळायला खेळाची रचना नीट पाहावी लागते. रात्री नऊ ही वेळही न्यूयॉर्कच्या सकाळची मागे उरलेली खूण असावी, असा माझा तर्क आहे. क्लोज मात्र मध्यरात्रीवर आला, गिरणीची दुसरी पाळी सुटायच्या वेळेला.

तीन पत्ते काढायचे. एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे पत्ते, दश्शीला शून्य धरायचे. समजा दुर्री, पंजा आणि अठ्ठा आले. बेरीज १५, शेवटचा अंक पाच. म्हणजे ओपन पंजा. तीन पत्त्यांच्या संचाला पत्ती किंवा पाना म्हणत. क्लोज असाच काढायचा. ओपन पाच आणि क्लोज आठ आला तर जोडी ५८. एकट्या आकड्यावर रुपयाला नऊ रुपये, जोडीवर रुपयाला नव्वद, हा सर्वसाधारण भाव. पत्तीला याहून कितीतरी जास्त.

पत्त्या एकंदर २२० होतात. तिन्ही अंक वेगळे अशा १२०, दोन सारखे अशा ९० आणि तिन्ही सारखे अशा १०. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२ येतात. ही मांडणी ज्याने कोणी बसवली त्याचे डोके तल्लख होते. दहा आकड्यांतला एक ओळखल्याबद्दल नऊपट आणि शंभर जोड्यांतली एक ओळखल्याबद्दल नव्वदपट, म्हणजे रुपयामागे दहा पैसे खायवालाचे, रोज, काही न करता. खायवाल म्हणजे लावलेला पैसा आपल्या अंगावर घेणारा, ‘खाणारा’. त्याच्या खाली चिठ्ठी लिहिणारा रायटर, तो दलालीवर. अंगावर जास्त बोजा आला की खायवाल त्यातला काही वरच्या खायवालाकडे उतरवी, त्याला कटिंग म्हणत. त्याची झोप शाबूत राहावी अशी सगळी व्यवस्था होती. जागा राहायचा तो लावणारा.

आता जोडी पाहा. शंभरांतली एक बरोबर. ओपन बरोबर आणि क्लोज चूक अशा नऊ, ओपन चूक आणि क्लोज बरोबर अशा नऊ. म्हणजे एका पूर्ण जिंकण्यामागे अठरा अर्धी जिंकणी. त्याशिवाय पलटी, म्हणजे ५८च्या जागी ८५ येणे. त्याशिवाय कट, म्हणजे आपल्या आकड्यात पाच मिळवून होणारा आकडा. पंजा लावला आणि मिंडी आली, तर खेळणारा म्हणे, कट आला, लाइन बरोबर होती. चौका किंवा छक्का आला तर म्हणे, एका घराने गेला. साधे गणित करा: दहा आकड्यांत एक जिंकणारा, दोन शेजारी, एक कट. हरण्याच्या नऊ प्रकारांतले तीन ‘थोडक्यात हुकले’ म्हणून मनात नोंदले जातात. उरलेल्या सहांसाठीही कोणीतरी काहीतरी शोधून काढीच.

आजीचा चेहरा जोडीने का पडे ते आता सांगते. नऊ वाजता ओपन बरोबर आला की जोडीवाल्याची आशा शंभरात एकवरून दहात एकवर येई, आणि मध्यरात्रीपर्यंत तो माणूस कुणाचा नसे. आमच्याकडे साचेखात्यातले एक बदलीवाले काका जेवत. बदलीवाला म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. त्यांच्यापाशी शाळेची एक शंभर पानी वही होती, तीत रोजचे आकडे लिहिलेले. मागच्या आठवड्याचा शनिवार, त्याच्या मागचा शनिवार, तिरप्या रेघा, गोल. माझ्या गणिताच्या वहीपेक्षा नीटनेटकी. ओपन लागला त्या रात्री ते जेवायला बसत आणि भाकरी ताटात तशीच राही. आजी ओरडे, “जेव आधी, क्लोज काय तुझ्या भाकरीची वाट बघत नाय थांबलाय!” ते हसत आणि परत दाराकडे बघत. क्लोज हुकला की दुसऱ्या दिवशी ते जास्त लावत. एका रात्रीत दुपटीने गेलेला पैसा ‘राहिले’च्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलेला आहे.

ही खाणावळवाली बाई हा मटक्याच्या इतिहासातला विसरलेला धागा आहे. कामगार आकडा हरे आणि तांदळाची उधारी आजीच्या अंगावर येई. ती सावकाराकडून व्याजाने आणी आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी चुली सावकाराच्या हातून सुटल्या. मटक्याच्या उलाढालीचे आकडे सांगणारे लोक या उधारीचा आकडा सांगत नाहीत.

मेंदूकडे वळते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. माझे यंत्र त्याच घराण्यातले. डोके फीत लावून मोजायचे, ठरलेल्या जागा खुणा करून घ्यायच्या, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवायचे. कागदावर शाईच्या पेनांनी रेघा उमटत. फिट्स येणाऱ्या रोग्यांसाठी हे काम. जुगार बघण्यासाठी कोणी माझ्यापुढे बसले नाही. पण २००२ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या गेहरिंग आणि विलोबी यांचा निबंध आमच्या डॉक्टरांनी वाचायला दिला, तेव्हा मला एकदम बदलीवाले काका आठवले. या दोघा संशोधकांनी माणसांना ५ किंवा २५ सेंटचा डाव निवडायला सांगितला आणि निकाल दाखवताना ईईजी घेतला. हरल्याचे दिसल्यावर सुमारे पाव सेकंदात कपाळामागच्या मधल्या भागातून एक ठरावीक लहर उमटते. ‘हरलो’ हे शब्द मनात यायच्या आधीच मेंदूने खतावणी केलेली असते. आणि हरल्यानंतरचा डाव माणसे जास्त धोक्याचा निवडत होती.

त्याआधीचा मोठा शोध माकडांवरचा. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशी ऐकल्या. फळाचा रस मिळाला की त्या पेशी तडतडत. पण रसाआधी नेमाने दिवा लागू लागला की काही दिवसांनी त्या दिव्यालाच तडतडत आणि रस आल्यावर गप्प. दिवा लागून रस आला नाही तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली जाई. १९९७ मध्ये दायान आणि माँटग्यू यांच्याबरोबर त्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी सुख मोजत नाहीत, अपेक्षा आणि हाती आलेले यांतला फरक मोजतात. २००३ मध्ये फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ यांनी पुढचा प्रश्न विचारला. रस मिळेलच याची खात्री नसेल तर? तेव्हा खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत या पेशींचा आवाज हळूहळू चढत गेला, आणि सर्वांत जास्त चढला तो मिळण्याची शक्यता अर्धी असताना. नक्की मिळणार किंवा नक्की नाही, या दोन्ही वेळी असा चढ नव्हता.

माकडांची ती वाट दोन सेकंदांची होती आणि आमच्या काकांची तीन तासांची. एकावरून दुसरे सिद्ध होते असे मी म्हणणार नाही, तंत्रज्ञाला तेवढी शिस्त असते. पण माणसांवरचे प्रयोगही त्याच दिशेने बोट दाखवतात. ब्रायन नट्सन यांनी २००१ मध्ये एमआरआयमध्ये लोकांना झोपवून पैशाचा खेळ दिला. मेंदूच्या तळाशी न्यूक्लियस ॲकम्बन्स नावाचा लहान भाग आहे, तो जिंकण्याची वाट पाहताना उजळला. २००५ मध्ये कुनेन आणि नट्सन यांनी दाखवले की हा भाग जागा झाला की पाठोपाठ माणूस धोक्याचा पर्याय उचलतो, आणि इन्सुला हा दुसरा भाग जागा झाला की सुरक्षित पर्यायाकडे वळतो. दोन्हीकडे चुका होतातच: एकाच्या भराने उगाच धाडस, दुसऱ्याच्या भराने उगाच भीती.

‘एका घराने गेला’ याचा तपास केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केला. चित्रांच्या दोन चाकांचा खेळ होता. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना साफ हरण्यापेक्षा जास्त कडू लागला, तरी पुन्हा खेळावेसे वाटणे वाढले. मेंदूत जिंकल्यावर जे भाग उजळत त्यांतले काही इथेही उजळले. त्यात एक मेख होती. चित्र खेळणाऱ्याने स्वतः निवडलेले असेल तरच ही ओढ वाढे, यंत्राने निवडून दिले असेल तर नाही. मटक्यात आकडा कोणी हाती देत नाही. तो स्वतः काढायचा, स्वप्नातून, मोटारीच्या नंबरातून, बुवाच्या शिवीतून, शंभर पानी वहीतून. लॉटरीचे छापील तिकीट आणि मटक्याची चिठ्ठी यांत हा फरक आहे. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, त्यामागे लोकांना मटक्यापासून वळवण्याचा हेतू होता. लोकांनी तिकिटेही घेतली आणि आकडाही लावला. मला त्यात नवल वाटत नाही.

आयोवा विद्यापीठातला पत्त्यांचा प्रयोग याहून प्रसिद्ध आहे. बेचारा, दामासिओ दांपत्य आणि अँडरसन यांनी तो १९९४ मध्ये मांडला. पत्त्यांच्या चार गड्ड्या. दोन भरघोस देतात, पण मधूनच त्याहून मोठा दंड करतात. दोन बेताचे देतात आणि बेताचे घेतात. धडधाकट माणूस हळूहळू बेताच्या गड्ड्यांकडे वळतो. वाईट गड्डीकडे हात नेताना, ती वाईट आहे हे त्याला सांगता येण्याआधीच, त्याच्या तळव्याला सूक्ष्म घाम येतो, हे त्यांनी १९९७ मध्ये दाखवले. कपाळामागच्या खालच्या भागाला इजा झालेल्यांना तो घाम येत नाही आणि ते वाईट गड्डीतूनच ओढत राहतात. हे वाचून कुणी म्हणेल, मटका खेळणाऱ्यांचा हाच भाग कच्चा असेल. मला हे पटत नाही. आयोवाच्या वाईट गड्डीत दंड मोठा आणि डोळ्यांसमोर होता. मटक्यात दंड चार आण्यांचा, रोजचा, आणि बक्षीस नव्वदपट. हाताला घाम यावा असे तिथे काही घडतच नसे. शिवाय आयोवात दोन गड्ड्या चांगल्या होत्या. बदलीवाल्याला चांगली गड्डी कुठे होती? काम मिळणे हाच रोज सकाळी गिरणीच्या दारात लागणारा ओपन.

म्हणून प्रयोगशाळेतल्या चित्रांनी मटका ‘समजला’ असे कोणी म्हटले की मी सावध होते. यंत्रात झोपलेल्यांना संध्याकाळी घरी जेवण होते. गिरणगावातला कोणी माणूस त्या नळीत गेला नाही. मेंदूची चित्रे वाट पाहण्याची ओढ सांगतात. ती वाट दहा टक्के कापून कोणी विकली आणि पोलिसांनी डोळे कशापायी मिटले, हे सांगत नाहीत. मला एवढेच म्हणायचे आहे की तीन तासांची फट, स्वतः निवडलेला आकडा आणि एका घराने हुकणे, या तिन्ही गोष्टी बाजाराने गिऱ्हाईक बघून घासूनपुसून बसवल्या होत्या. विज्ञानाला त्या दिसायला पुढची चाळीस वर्षे लागली.

पुढचे थोडक्यात. आणीबाणीत रतन खत्री १९ महिने तुरुंगात होते. १९७५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटातली प्रेमनाथांची भूमिका त्यांच्यावर बेतली होती, असे म्हणतात. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना परत जायला गिरणीच उरली नाही. काहीजण ज्याच्याकडे चिठ्ठी लावत त्याच्याच शेजारी चिठ्ठ्या लिहायला बसले. बदलीवाले काका गावी गेले. आजीची वही बंद झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पोलिसांच्या धाडींनी मोठे खायवाल मोडले. खत्री ९ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, वयाच्या ८८व्या वर्षी वारले. आकडा मात्र गेला नाही. गावोगावच्या पोलीस ठाण्यांत आजही मटक्याच्या चिठ्ठ्यांवर त्याच १८८७च्या कायद्याचे बारावे कलम लागते. पुढे खेळ फोनवर गेला, तिथे तीन तासांची फट काही मिनिटांची झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. आजीला विचारले असते तर ती म्हणाली असती, उधारीचं काय?

शेवटी एक कामाची गोष्ट, जी माझ्या खात्यातली आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रोग्यांना डोपामीनसारखे काम करणारी औषधे देतात, प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्यांतली दोन. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी असे ११ रोगी नोंदवले, ज्यांना या प्रकारच्या औषधांवर असताना जुगाराचे वेड लागले. त्यांतले ९ जण प्रॅमिपेक्सोल घेत होते. बहुतेकांचे वेड औषध कमी किंवा बंद केल्यावर ओसरले. तेव्हा तुमच्या घरात अशी गोळी घेणारे कोणी असेल आणि आयुष्यभर चार आणेसुद्धा न लावलेला तो माणूस अचानक लॉटरीची तिकिटे आणू लागला, शेअर उलटसुलट करू लागला किंवा रात्री फोनवर डाव मांडून बसू लागला, तर त्याला बोल लावू नका आणि ही गोष्ट लाजेने झाकून ठेवू नका. गोळी आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, त्याने दुखणे उलटते. गोळ्यांची पाकिटे घ्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना जाऊन सांगा. औषध बदलता येते.